घरच्या कम्प्युटरला ब्रॉडबँड जोडताय? आधी टेबलामागची वायर पाहा

नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीच्या ऑनलाइन टेस्ट सिरीजसाठी २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला. कम्प्युटरवर स्पीड मात्र ९४ च्या वर जाईना. शेवटी मी टेबलामागे वाकून पाहिलं. लॅनची, म्हणजे राउटरपासून कम्प्युटरला येणारी केबल कुठल्यातरी जुन्या कामातली उरलेली होती आणि क्लिपमध्ये आठपैकी चारच तारा भरलेल्या. चार तारांवर १०० एमबीपीएसच मिळतात, त्यापुढे जायला आठही तारा लागतात. बर्डीच्या बाजारातून तीन मीटरची तयार कॅट-६ केबल आणली, लावली, स्पीड पूर्ण आला. काकू म्हणाल्या, "एवढुशा वायरीपायी पोरीचा महिना गेला न रे बाबू!" तेव्हापासून कोणी विचारलं की मी वायरीपासूनच सुरुवात करतो.

घरात अंतर कमीच असतं, त्यामुळे कॅट-६ च्या खालच्या दर्जाची कॅट-५ई सुद्धा पुरते. ती १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस नेते. केबलच्या अंगावर छापलेलं वाचून घ्या. नुसतं 'कॅट-५' असेल तर नवीन कामाला घेऊ नका.

खांबावरून येणारी बारीक फायबर ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. तो प्रकाशाचे सिग्नल कम्प्युटरला कळतील असे करून देतो. हल्ली बहुतेक ठिकाणी राउटर त्याच डब्यात असतो आणि डबा कंपनीच देते, म्हणून वेगळा राउटर घाईनं विकत घेऊ नका. फक्त लॅनचं पोर्ट गिगाबिट आहे का, हे जोडणीच्या दिवशीच विचारा. बऱ्याच डब्यांवर पोर्टजवळ 'जीई' लिहिलेलं असतं, ते गिगाबिट. 'एफई' म्हणजे १०० वर अडकणार. फायबर भिंतीच्या कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, तिच्या हिरव्या क्लिपच्या टोकाला बोट लावू नका आणि त्यात डोळा घालून तर मुळीच पाहू नका, तो प्रकाश दिसत नाही. 'एलओएस'चा लाल दिवा लागला तर डब्यापर्यंत प्रकाश पोचत नाही. अशा वेळी राउटर रिसेट करून काही होत नाही, लाइनमनलाच बोलवा.

आता कम्प्युटर. डेस्कटॉपला मागे लॅनचं पोर्ट असतंच. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेट उघडून लिंक स्पीड पाहा. १०००/१००० दिसायला हवं. १००/१०० दिसलं तर आधी केबल बदलून बघा, तरी तेच राहिलं तर गिगाबिट लॅन कार्ड बसवून घ्या. पातळ लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबी-लॅन अडॅप्टर लागतो. तो यूएसबी ३.० आणि गिगाबिट असा दोन्ही असावा, स्वस्तातले बरेचसे १०० वालेच निघतात.

वायर ओढणं शक्यच नसेल तर वाय-फाय डाँगल घ्या, पण ५ गिगाहर्ट्झ चालणारा. नुसत्या २.४ वर शेजारपाजारच्या सगळ्या राउटरांची गर्दी असते. डाँगल कॅबिनेटच्या मागे खुपसला की पत्र्याआड सिग्नल मरतो. छोटी यूएसबी एक्स्टेंशन लावून तो टेबलावर आणा.

डबा ठेवायची जागा नागपुरात जास्तच जपून निवडा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यात वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली किंवा बंद शोकेसमध्ये डबा ठेवला तर तो भट्टीत ठेवल्यासारखाच. कूलरच्या झोतासमोरही नको, ती दमट हवा थेट आत शिरते. हॉलमध्ये, छातीच्या उंचीवर, चारही बाजूंनी मोकळा असला की झालं.

अवकाळीच्या वादळात लाइट गेली तरी नेट चालू राहावं म्हणून राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. घेताना राउटरचा अडॅप्टर सोबत न्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण व्होल्ट, अँपिअर आणि पिन तिन्ही जुळवूनच घ्या. ओएनटी आणि राउटर वेगळे असतील तर दोन आउटपुटवाला लागेल. विजा कडाडायला लागल्या की अडॅप्टर सॉकेटमधून काढून ठेवा. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, पण लाइटच्या वायरीतून झटका येऊ शकतो.

जोडणी करणारा घरात असतानाच यूजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घ्या आणि स्पीड त्याच्यासमोरच मोजा, मोबाईलवर नाही, लॅन लावलेल्या कम्प्युटरवर.