वेळा काढल्या, क्रम ठेवला

मी ऑटिस्टिक आहे, रुटीन लागतंच, पण घड्याळाला बांधलेलं टाइमटेबल काही जमेना, कारण 7 ची आंघोळ 7:10 वर गेली की आता सगळा दिवसच बोंबलला असं वाटून मी नुसता बसून राहायचो. मग वेळा काढूनच टाकल्या, फक्त क्रम ठेवला: ब्रश, आंघोळ, कपडे, बॅग. उशीर झाला तरी क्रम तोच. कपडे रात्रीच काढून ठेवतो, टोचणारे टॅग कापलेले. खरी बोंब एक काम सोडून दुसरं धरताना, डोकं आधीच्यातच अडकलेलं असतं आणि त्यात अलार्म किंचाळला की अजूनच बिनसतं, म्हणून फोन व्हायब्रेटवर, आधी एक इशारा मग थोड्या वेळाने दुसरा. (शिस्त लावा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार.) ऐनवेळी प्लॅन बदलला तर मात्र अजूनही गडबडतो.