फोटोवरून रुपयाचा दर्जा ठरवताना: आधी उजेड बघा

सात वर्षांपूर्वी मी पंचम जॉर्जचा 1912 चा एक रुपया फक्त फोटो बघून घेतला. विकणाऱ्याने 'एक्सएफ' (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अगदी कमी झिजलेलं) लिहिलं होतं आणि फोटोत तो तसाच दिसत होता. मुकुटावरची नक्षी स्वच्छ, झग्यावरच्या साखळीतला हत्ती सोंडेसकट शाबूत, पार्श्वभूमी पांढरीशुभ्र. पाकीट आलं, मी रुपया खिडकीशी नेला, जरासा कलता धरला आणि राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेले असंख्य बारीक ओरखडे लखकन चमकले. झीज खरोखरच कमी होती, पण नाणं घासलेलं होतं. अशा नाण्याला प्रमाणित करणाऱ्या संस्था दर्जाचा आकडा देत नाहीत. 'एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड', म्हणजे तपशील एक्सएफचे पण नाणं साफ केलेलं, एवढाच शेरा मिळतो आणि किंमत खूप खाली येते.

तो फोटो मी पुन्हा उघडून पाहिला. उजेड समोरून, सपाट पडलेला होता. असले ओरखडे तिरक्या उजेडाशिवाय दिसतच नाहीत. तेव्हापासून कुठलाही फोटो आला की मी नाण्याकडे नंतर बघते, आधी उजेड कुठून आला आहे ते बघते. नव्याने या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिल्यांदा शिकवते.

कसं बघायचं? अक्षरांच्या सावल्या शोधा. सावली एका बाजूला पडली असेल तर दिवा तिच्या विरुद्ध बाजूला आहे. सावलीच नसेल तर फोटो स्कॅनरवर काढलेला आहे किंवा उजेड चारही बाजूंनी सारखा आहे, आणि अशा फोटोवरून पृष्ठभागाबद्दल काही बोलूच नये. न वापरलेल्या चांदीच्या नाण्यावर जे लस्टर, म्हणजे टांकसाळीतली मूळ चकाकी, असतं, ते चाकाच्या आऱ्यांसारखं मध्यापासून कडेपर्यंत पसरतं आणि नाणं फिरवलं की तेही फिरतं. चांगल्या फोटोत ते समोरासमोरच्या दोन पंख्यांसारखं दिसतं. सगळं नाणं एकसारखं पांढरं दिसत असेल, तर फोटो जास्त उजळलाय, नाहीतर नाणं रसायनात बुडवलंय किंवा पॉलिश केलंय. यातलं नेमकं काय ते एका फोटोवरून कळत नाही. विकणाऱ्याला सांगा, दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करत दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. जो पाठवायला तयार नसतो, त्याच्याकडून मी घेत नाही.

आपल्याकडे घासलेली नाणी इतकी का, हे मराठी घरात वाढलेल्याला सांगावं लागू नये. आमच्या देव्हाऱ्यात व्हिक्टोरियाचे दोन रुपये होते. दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आई ते चिंचेच्या कोळाने भिजवायची आणि वर चिमूटभर रांगोळी घेऊन अंगठ्याने गोल गोल घासायची. रुपये लखलखायचे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. आज भिंगाखाली त्या रुपयांवर राणीच्या गालाभोवती अंगठ्याच्या चालीने उमटलेली वर्तुळं स्पष्ट दिसतात. ते रुपये मी विकणार नाही, पण दर्जा विचाराल तर 'क्लीन्ड' असंच सांगेन. दुसरी खूण दागिन्यांची. माळेत ओवण्यासाठी रुपयांना वर कडी डाखलेली असायची. ती काढली तरी बारा वाजण्याच्या जागी किनार चपटी किंवा खडबडीत राहते, म्हणून कडेचा वेगळा फोटो मागायलाच हवा.

आता झीज. ती सर्वात उंच भागावर आधी होते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर गाल, कपाळावरचे केस आणि पोशाखाची वेलबुट्टी बघा. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुटाची कमान, दाढीमिशी आणि तो हत्ती. 1911 च्या रुपयावर हत्तीची सोंड आखूड पडली, तो डुकरासारखा दिसू लागला, लोक चिडले आणि सरकारने ती नाणी मागे घेतली. 1912 पासून सोंड सुधारली. पण हत्ती झिजला की सोंडच आधी पुसट होते, त्यामुळे झिजलेला 1912 चा रुपयाही 'पिग रुपी' म्हणून दाखवला जातो. आधी साल वाचा.

झीज आणि कच्चा ठसा यांत मात्र अनुभवी माणसंही फसतात. ठसा नीट बसला नसेल तर उंच भागातले तपशील कमी असतात, पण त्यावरची चकाकी शेजारच्या जागेसारखीच असते. झिजलेला भाग गुळगुळीत आणि रंगाने वेगळा, मंद राखाडी दिसतो. म्हणजे इथेही तिरका उजेड लागतोच.

पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे मागच्या बाजूला खालच्या कमळाखालचा बारीकसा ठिपका. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो. अंधुक फोटोत मळाचा कणही ठिपका वाटतो. 1918 च्या रुपयाबाबत तर दर्जाच सगळं ठरवतो. त्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायद्याखाली आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी ब्रिटनला विकली, ती हिंदुस्थानच्या रुपयांसाठी आली आणि रुपये कोट्यवधींनी पाडले गेले. त्यामुळे झिजलेल्या नाण्याला चांदीच्या भावापलीकडे फारसं काही मिळत नाही.

वजन फोटोत दिसत नाही. हा रुपया एका तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागा. झिजेने थोडं कमी भरेल, अर्धा ग्रॅम कमी भरलं तर थांबा.

सरावासाठी स्वतःचंच एक साधं नाणं घ्या. टेबल-लॅम्प दहा वाजण्याच्या जागी ठेवून एक फोटो, दोन वाजण्याच्या जागी ठेवून दुसरा, खिडकीच्या मंद उजेडात तिसरा काढा. तिन्ही फोटो मित्राला वेगवेगळ्या दिवशी पाठवा आणि दर्जा विचारा. मी हे केलं तेव्हा एकाच रुपयाला 'व्हीएफ' (व्हेरी फाइन, एक्सएफच्या खालचा), 'एक्सएफ' आणि 'एयू' (अबाउट अनसर्क्युलेटेड, जवळजवळ न वापरलेलं) अशी तीन उत्तरं आली. नाण्याचा दर्जा आकड्यात सांगणाऱ्या शेल्डनच्या सत्तर गुणांच्या मापावर हे अंतर साधारण 30 ते 50 एवढं पडतं. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संस्थेचं संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं. जमेल तेव्हा तिथे जाऊन काचेपलीकडच्या नाण्यांसमोर दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे सरकून बघा. डोळा तिथे तयार होतो.

कुणी फोटो पाठवून दर्जा विचारला तर मी आता एक आकडा सांगत नाही. 'व्हीएफ 30 ते एक्सएफ 40, पृष्ठभागाचं नाणं हातात घेतल्यावर' असं लिहून पाठवते, आणि खाली व्हिडिओ मागते.