नोझलपासून बरग्यांपर्यंत: धातूचोरी रोखताना या चुका टाळा

जिन्यातल्या फायर हायड्रंटचं नोझल गेलंय हे बहुतेक सोसायट्यांना तपासणीच्या दिवशी कळतं. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, गेलेत हे गावाला ऑक्टोबरात कळतं, पाणी अडवायची वेळ आल्यावर. आणि गच्चीवरून जमिनीत उतरणारी तांब्याची पट्टी कुणी कापून नेली, तर तिची आठवण वीज कडाडायला लागेपर्यंत कुणालाच येत नाही. घरातली वस्तू गेली की तासाभरात बोंबाबोंब होते. सगळ्यांच्या मालकीची वस्तू मात्र महिनोन्‌महिने गेलेलीच असते.

चोराला दोन गोष्टी हव्या असतात. माल गेल्याचं उशिरा कळावं, आणि तो कुणाचा हे भंगारवाल्याच्या काट्यावर ओळखता येऊ नये. आपल्या बहुतेक चुका त्याला याच दोन गोष्टी फुकटात देतात, म्हणून कुलपांचा विचार नंतर.

काय चोरीला जाऊ शकतं याची यादीच नसणं

कमिटीला विचारलं तर सगळे लोखंडी गेट आणि ग्रिलची काळजी करतात. ते जड, ओढून न्यायला त्रासाचं आणि भंगारात स्वस्त. चोर बघतो तांबं, पितळ आणि गनमेटल (तांब्याचाच एक मिश्रधातू). पिशवीत मावतं आणि लोखंडाच्या कितीतरी पट भावाने जातं. पंप रूममधले पितळी व्हॉल्व्ह, पाण्याचे मीटर, एसीच्या तांब्याच्या पाइपा, जनरेटरची बॅटरी, अर्थिंगच्या पट्ट्या, ही खरी यादी.

त्यातली अर्थिंगची पट्टी सर्वांत दुर्लक्षित. २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी मीटरला साधारण ६७० ग्रॅम भरते. म्हणजे ४० मीटर उंचीच्या इमारतीवरून उतरणाऱ्या एकाच पट्टीत २६-२७ किलो तांबं झालं, आणि इमारतीला अशा पट्ट्या एकाहून जास्त असतात. ती कापली तरी एकही दिवा विझत नाही, लिफ्ट थांबत नाही. जमिनीपासून हात पोहोचेल तेवढा भाग जाड पीव्हीसी पाइपमध्ये घेऊन भिंतीला पक्का करा. पट्टी नव्याने बसवायची असेल तर जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) चालेल का, हे विजेच्या सल्लागाराला विचारा, बहुतेक ठिकाणी चालते. फक्त उरलेल्या तांब्याला जीआयचा तुकडा नुसता बोल्टने जोडू नका. दोन धातूंचा सांधा ओलाव्याने गंजतो, तिथे बायमेटॅलिक जोड लागतो. आणि दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, अर्थिंगची चाचणी करून घ्या. चोरी पकडायची ती सर्वांत स्वस्त युक्ती आहे.

होज बॉक्सला कुलूप घालणं

एकदा नोझल गेलं की पुढच्या मीटिंगमध्ये हमखास हा ठराव येतो: प्रत्येक मजल्यावरच्या होज बॉक्सला (आगीचा पाइप आणि नोझल ठेवायच्या पेटीला) कुलूप, चावी वॉचमनकडे. आग लागल्यावर रात्री दोन वाजता अकराव्या मजल्यावर ती चावी कोण नेणार, हे कुणी विचारत नाही. चोरी थांबवायला आपण आग विझवायचं साधनच बंद करून टाकतो.

कुलपाऐवजी नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावा, हाताने ओढलं की तुटणारं. आत माल आहे की नाही हे उघडून बघावंच लागत नाही. राउंड मारणाऱ्याने सील शाबूत आहे आणि नंबर वहीतलाच आहे एवढं पाहिलं की झालं. सील तुटलेलं दिसलं, तर चोरी फार तर काल-परवाची, आणि तेवढ्या वेळातलं फुटेज अजून शिल्लक असतं. गेलेली नोझल बदलताना स्टेनलेस स्टीलची मिळतात तीही बघा. भंगारात त्यांना गनमेटलइतका भाव येत नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. अनेक ठिकाणी तो कागद टेबलावरच तयार होतो. एजन्सीच्या माणसाबरोबर कमिटीतल्या एकाने सगळे मजले चढायचे, असा नियम केलात तर वर्षातून दोनदा मोजणी आपोआप होते.

सगळे कॅमेरे गेटकडे

गेटवर कॅमेरा असावाच. पण माल सुटतो गच्चीवर, डक्टमध्ये आणि पंप रूममध्ये, आणि गेटमधून बाहेर पडतो तो गोणीत, भरदुपारी, कुठल्यातरी कामगाराच्या टेम्पोतून. गच्चीच्या दारावर आणि पंप रूमवर एकेक कॅमेरा हा गेटवरच्या चौथ्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडतो. रेकॉर्डिंग किती दिवस टिकतं ते आजच तपासा. ते आपोआप पुसलं जातं, आणि चोरी लक्षात आल्यावर पहिलं काम पेन ड्राइव्हवर कॉपी काढण्याचं असतं, मीटिंग बोलावण्याचं नाही. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर वॉचमनच्या केबिनमध्ये टेबलाखाली ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

आत येणाऱ्याची नोंद सगळे करतात. बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद क्वचित होते. धातूचा कुठलाही तुकडा गेटपासशिवाय बाहेर नाही, एवढा एक नियम वॉचमनला द्या आणि सेक्रेटरीच्या ओळखीच्या माणसालाही तो लावा.

‘जुना माल तुम्हीच घेऊन जा’

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि हिला कुणी चोरी म्हणतही नाही. पाइपलाइन बदलायला काढली, कंत्राटदाराने कोटेशन थोडं कमी केलं आणि जुना माल त्याचा ठरला. किती पाइप, किती व्हॉल्व्ह, किती किलो, काहीच लिहिलेलं नाही. मग काम चालू असताना न बदलायचे व्हॉल्व्हही त्याच गोणीत जातात, आणि विचारायला गेलं तर उत्तर तयार असतं, ‘ते भंगारातच होतं ना साहेब.’ करारात एक ओळ टाका: काढलेला माल सोसायटीचा, वजन दोन सभासदांसमोर, पैसे सोसायटीच्या खात्यात.

पुनर्विकासासाठी रिकाम्या केलेल्या इमारतीत हा प्रश्न दहापट होतो. शेवटचं कुटुंब बाहेर पडलं की आठवड्याभरात खिडक्या, नळ, वायरी जातात. इमारत ताब्यात कुणाच्या, त्या दिवशी आत काय काय होतं, याची सही-शिक्क्याची यादी फोटोंसह करा. वीज आणि पाइप गॅस अधिकृतपणे तोडून घेतल्याशिवाय चावी देऊ नका. चोराने गॅसची पाइप कापली तर धोका शेजारच्या इमारतीला असतो.

काही गेलं की पहिला संशय कचरा नेणाऱ्या ताईवर घेण्याची सवयही सोडा. पुण्यात ‘स्वच्छ’सारख्या संस्थेच्या कचरावेचक ओळखपत्र घेऊन रोज त्याच इमारतींत येतात. परवा दिसलेलं झाकण आज नाही, हे त्यांना सेक्रेटरीच्या आधी दिसतं. त्यांचा नंबर फोनमध्ये असू द्या.

चेंबरचं झाकण वेल्डिंग करून बंद

बिडाचं झाकण दोनदा गेलं की तिसऱ्यांदा कुणीतरी ते वेल्डिंगने कायमचं बसवतो. मग चोकअप झाल्यावर गॅस कटर बोलवायचा आणि तोवर मैला अंगणात! बिजागरी आणि आतून बोल्ट असलेलं झाकण घ्या, किंवा काँक्रीटचं अथवा एफआरपीचं (फायबर-प्लास्टिकचं), ज्याला भंगारात भाव नाही. मात्र त्यावरचा वर्ग वाचा. एलडी-२.५, एमडी-१०, एचडी-२०, ईएचडी-३५ यातले आकडे झाकण किती टन भार सोसेल त्याचे आहेत. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं. फुटपाथचं हलकं झाकण गाडीच्या वाटेवर बसवलं तर ते पहिल्याच टँकरखाली फुटेल.

झाकण गेलेलं दिसलं तर त्यात झाडाची फांदी खोचून निघून जाऊ नका. पावसात पाणी भरलं की फांदी वाहून जाते. बॅरिकेड लावा, रात्री दिसेल असं काही बांधा, आणि रस्त्यावरचं असेल तर वॉर्ड ऑफिसला लगेच कळवा. झाकणाखाली लोखंडी जाळी बसवून घेतली तर झाकण गेलं तरी माणूस आत जात नाही. मुंबईत महापालिका अशा जाळ्या बसवत आली आहे.

बंधाऱ्याचे बरगे काठावर रचून ठेवणं

कोल्हापुरी बंधाऱ्याचे लोखंडी बरगे पावसाळ्याआधी काढतात, काठावर रचतात आणि पावसाळा सरताना पुन्हा घालतात. मधले चार महिने तो ढीग उघड्यावर, रस्त्याला लागून, कुणाच्याच ताब्यात नसल्यासारखा पडलेला असतो. ऑक्टोबरात मोजणी होते, बरगे कमी भरतात, तक्रार, पत्रव्यवहार, आणि तोवर नदी वाहून गेलेली. रब्बीचं पाणी त्या मोजणीच्या उशिरापायी जातं.

मोजणी ऑगस्टमध्ये करा. कमी पडलेले बरगे बनवून घ्यायला दोन महिने हातात राहतात. काढताना किती होते आणि कुणाच्या ताब्यात दिले, यावर बंधारा ज्या सरकारी विभागाचा त्याची, पाणी वापर संस्थेची आणि ग्रामपंचायतीची सही घ्या. रंगाने लिहिलेला नंबर घासून जातो. वेल्डिंगच्या मण्यांनी उठावाची अक्षरं काढा, गावाचं नाव आणि क्रमांक, आणि तीही दोन-तीन जागी, म्हणजे कटरने तुकडे केले तरी एखाद्या तुकड्यावर गाव राहील. शक्य असेल तर ढीग वस्तीत आणून ठेवा, वाहतुकीचा खर्च नव्या बरग्यांपुढे किरकोळ आहे.

‘लाईट गेली असेल’ म्हणून झोपणं

डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, फोडणारे आधी प्रवाह बंद करतात, मग तेल सांडून आतलं तांबं काढतात. शेतीच्या फीडरला थ्री-फेज तसंही ठरावीक तासच असतं, त्यामुळे वीज नाही याचं कुणाला नवल वाटत नाही. खूण एकच: शेजारच्या डीपीवर वीज आहे आणि फक्त आपल्या डीपीवर नाही. असं दिसलं तर वायरमनला आणि १९१२ वर फोन करा, पोलिसांना ११२ वर. एकट्याने बॅटरी घेऊन शिवारात जाऊ नका, आणि लोंबकळणाऱ्या तारेला हात लावू नका. जळून बंद पडलेली डीपी तर अधिकच धोक्यात असते, कारण तिच्यात प्रवाह नसल्याचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत असतं. ती बदलून मिळेपर्यंत आळीपाळीने जागता पहारा ठेवावा लागतो. विहिरीवरच्या मोटारीची केबल पुन्हा पुन्हा जात असेल तर ॲल्युमिनिअमची घ्या, जाडी मात्र इलेक्ट्रिशियनकडून एक पायरी वाढवून.

अर्धवट तक्रार

‘एक पितळी वस्तू चोरीस गेली’ अशा तक्रारीतून काहीही सापडत नाही. वस्तूचं नाव, संख्या, अंदाजे वजन, खूण, शेवटची कधी पाहिली ती तारीख, हे सगळं लिहा. किंमत भंगाराची लिहू नका, नवी बसवायला येणाऱ्या खर्चाचं कोटेशन जोडा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिली चोरी असेल आणि माल परत मिळाला, तर समाजसेवेची शिक्षा आहे. उलट राहत्या इमारतीतली किंवा सरकारच्या, पालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या मालमत्तेची चोरी कलम ३०५ खाली येते आणि सात वर्षांपर्यंत जाते. विजेच्या साहित्याला वीज कायद्याचं कलम १३६ आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, म्हणून परिसरातल्या भंगार दुकानांना खुणेचा फोटो आधीच देऊन ठेवा. नंतर ‘आम्हाला काय माहीत’ म्हणायला जागा राहत नाही.

ऑनलाइन तक्रार दिलीत तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करायची असते, ती विसरली की गुन्हा नोंदच होत नाही. माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून जमा होतो आणि कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करू अशा हमीवर, सोडवावा लागतो. त्या अर्जाला खरेदीचं बिल, खूण केल्याचा फोटो आणि कमिटीचा किंवा ग्रामसभेचा ठराव जोडा. मिळालेला व्हॉल्व्ह पुन्हा बसवायचा असेल तर तशी परवानगी त्याच अर्जात मागा.