मेक्सिकोतल्या प्रादेशिक विमान कंपनीचा इतिहास कसा जुळवायचा

सुरुवात नावापासून करू नका. विमानाच्या अंगावरचं नाव हे विक्रीसाठी असतं आणि मालक बदलला की तेही बदलतं. मॉन्तेरे शहरातली एरोलितोराल, म्हणजे एरोमेक्सिको या मोठ्या कंपनीची प्रादेशिक शाखा, २००७ मध्ये एरोमेक्सिको कनेक्ट झाली. त्याआधी २००५ मध्ये मेक्सिकाना या दुसऱ्या मोठ्या कंपनीने आपल्या एरोकारिबे या प्रादेशिक कंपनीला ‘क्लिक’ असं नवं नाव दिलं होतं. नावावर विसंबलात तर एकाच कंपनीचे दोन इतिहास होतात. त्यामुळे आधी तीन अक्षरी आयकाओ कोड शोधा; आयकाओ ही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना. एरोलितोरालचा एसएलआय हा कोड आणि रेडिओवरची ‘कोस्तेरा’ ही हाक नावबदलानंतरही टिकली. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या दोन अक्षरी कोडवर मात्र भिस्त नको, कारण तो पुढे दुसऱ्याच कंपनीला मिळू शकतो. शिवाय कनेक्टच्या उड्डाणांची तिकिटं एरोमेक्सिकोच्याच कोडखाली विकली जात.

मग ताफ्याचा तक्ता करा. त्यात नोंदणी, कारखान्याचा अनुक्रमांक, प्रकार, आसनं, ताफ्यात आल्याचा महिना आणि गेल्याचा महिना असे रकाने हवेत. मेक्सिकोत व्यापारी विमानांची नोंदणी एक्सए, खासगींची एक्सबी आणि सरकारींची एक्ससी या अक्षरांनी सुरू होते. नोंदणी बदलते, अनुक्रमांक बदलत नाही. तो रकाना गाळला तर भाडेकराराने जाऊन परत आलेलं विमान दोनदा मोजलं जातं आणि ताफा कागदावरच फुगतो.

वाढ कशाला म्हणायचं, हा यातला सगळ्यात नाजूक भाग. एरोलितोरालकडे आधी १९ आसनांची मेट्रो विमानं होती, नंतर सुमारे ३४ आसनांची साब ३४० आली, पुढे ५० आसनांची एम्ब्राएर १४५ आणि शेवटी ९९ आसनांची १९०. आता हिशेब करून बघा: साबच्या दिवसाला ६ फेऱ्या म्हणजे २०४ आसनं, १४५ च्या ४ फेऱ्या म्हणजे २०० आणि १९० च्या २ फेऱ्या म्हणजे १९८. आसनं जवळपास तेवढीच, पण सकाळी जाऊन दुपारीच परतू पाहणाऱ्याची सोय गेली. म्हणून प्रत्येक मार्गासाठी फेऱ्या आणि आसनं वेगवेगळी मांडा. नुसता ‘मोठी विमानं घेतली’ हा पुरावा अपुरा आहे.

रिकामी आसनं दिसली म्हणून मागणी कमी होती असंही लगेच धरू नका. मेक्सिको सिटीचा विमानतळ सुमारे २,२३० मीटर उंचीवर आहे आणि तोलुकाचा त्याहूनही उंच. विरळ हवेत, त्यातून गरम दुपारी, उड्डाणाचं वजन कमी ठेवावं लागतं. मग सामान किंवा प्रवासी मागे राहतात.

प्रवासी आकडे एएफएसी या नागरी विमान वाहतूक संस्थेकडून घ्या. ती ऑक्टोबर २०१९ मध्ये आली. त्याआधीचं काम डीजीएसीकडे होतं, त्यामुळे जुन्या कागदांवर तेच नाव सापडेल. ओएमए, जीएपी, असुर हे विमानतळ समूहही दरमहा आकडे देतात, पण विमानतळ येणारे आणि जाणारे दोन्ही प्रवासी मोजतो. मॉन्तेरेहून ग्वादालाहाराला गेलेला एकच माणूस दोन्हीकडच्या बेरजेत दोनदा येतो. कंपनीच्या आकड्यांशी तुलना करण्यापूर्वी हे वजा करा, नाहीतर कंपनीचा वाटा निम्म्यावर आल्यासारखा दिसेल. २०२० हे कोविडचं वर्ष, म्हणून २०२१ ची तुलना २०१९ शी करा, २०२० शी नको. २५ मे २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात अमेरिकेने मेक्सिकोचा विमान सुरक्षेचा दर्जा खाली आणला होता. तेव्हा मेक्सिकन कंपन्यांना अमेरिकेला नवे मार्ग सुरू करता येत नव्हते, म्हणून आलेखाच्या त्या भागातली सपाट रेघ कंपनीच्या माथी मारू नका.

मालकीची रेघ तक्त्याच्या शेजारीच ओढा. १९९५ मध्ये एरोमेक्सिको आणि मेक्सिकाना दोन्ही सिंत्रा या एकाच मालक कंपनीच्या छत्राखाली गेल्या. मेक्सिकाना २००५ मध्ये विकली गेली, एरोमेक्सिको २००७ मध्ये. मधल्या काळात दोघींच्या प्रादेशिक कंपन्यांतली ‘स्पर्धा’ जरा शंका ठेवूनच वाचावी.

शेवटची तारीख लिहिताना शेवटचं उड्डाण आणि कायदेशीर दिवाळं या दोन वेगळ्या नोंदी ठेवा. क्लिक २८ ऑगस्ट २०१० ला मेक्सिकानाबरोबरच थांबली; तिथे कारण मूळ कंपनीत शोधायचं. १९८७ पासून एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं उडवणारी एरोमार कोणत्याही मोठ्या कंपनीची शाखा नव्हती. ती १५ फेब्रुवारी २०२३ ला बंद पडली, तेव्हा तिच्यासाठी देण्यांचे, भाड्यांचे आणि विमानतळ शुल्काच्या थकबाकीचे कागद आधी चाळा.