पायलटचा किस्सा आणि विमानाचा रेकॉर्ड, खरं-खोटं कसं तपासायचं

रिटायर्ड पायलटजवळ तासभर बसलं की दोन विषय निघतातच. एक, "माझ्या फ्लाइटला अमक्या होत्या" आणि दोन, सगळ्यात फास्ट कुठलं विमान, सगळ्यात आधी कोण उडालं. पहिल्यावर सगळे कान टवकारतात, दुसऱ्यावर भांडणं होतात. मी बरीच वर्षं हे सगळं वहीत उतरवून ठेवतेय, त्यामुळे कुठली गोष्ट कशी पडताळायची याची एक सवय झालीय, तीच सांगते.

रेकॉर्डपासून सुरू करू. आधी दावा शब्द न शब्द लिहून काढा, एकही शब्द गाळू नका, कारण निम्मी भांडणं गाळलेल्या शब्दांचीच असतात. अमेरिकन वैमानिक लिंडबर्गने पहिल्यांदा विमानाने अटलांटिक ओलांडला असं सर्रास म्हणतात, पण न थांबता अटलांटिक आधीच ओलांडला होता अल्कॉक आणि ब्राऊन यांनी, जून १९१९ मध्ये, न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला. लिंडबर्गचं १९२७ चं उड्डाण म्हणजे न्यूयॉर्क ते पॅरिस, एकट्याने, न थांबता, साडेतेहतीस तास. "एकट्याने" काढला की वाक्य चुकलं. अमेरिकन वैमानिक अमेलिया इअरहार्टचंही तसंच, १९२८ मध्ये ती विमानाने अटलांटिक पार करणारी पहिली स्त्री ठरली खरी, पण विमान चालवत होता दुसराच, आणि तिने स्वतः तेव्हाच सांगितलं होतं की आपण नुसतं बसून आलो. एकटीने चालवत गेली ती १९३२ मध्ये, आणि उतरली उत्तर आयर्लंडमधल्या एका कुरणात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत पण दोन्हींचं एकच वाक्य करून चालत नाही.

मग बघा वेग कशाच्या तुलनेत मोजलाय. न्यूयॉर्क ते लंडन "सगळ्यात फास्ट" कोण, याची मला तीन उत्तरं मिळाली आणि तिन्ही बरोबर. एसआर-७१ या अमेरिकेच्या हेरगिरीच्या जेट विमानाने १ सप्टेंबर १९७४ ला १ तास ५४ मिनिटं ५६ सेकंदांत हे अंतर कापलं, प्रवासी विमानांत आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या कॉन्कॉर्डने ७ फेब्रुवारी १९९६ ला २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत, आणि आवाजापेक्षा हळू उडणाऱ्या प्रवासी विमानांत फेब्रुवारी २०२० मध्ये एका ७४७ ने ४ तास ५६ मिनिटांत. त्या ७४७ चा जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, लगेच लोकांनी लिहून टाकलं की जम्बोने आवाजाचा वेग मोडला. तसं काही नाही हो. मागून जोरदार जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावर वाहणारा वेगवान वारा, ढकलत होती, म्हणजे ज्या हवेतून विमान चाललं होतं ती हवाच पळत होती, आणि हवेच्या मानाने विमान नेहमीच्याच वेगात होतं. ग्राउंड स्पीड (जमिनीच्या मानाने) आणि एअरस्पीड (हवेच्या मानाने) एवढं वेगळं लिहिलं तरी अर्धे वाद मिटतात.

तिसरं म्हणजे मोजलं कुणी. जगभरचे विमानाचे रेकॉर्ड एफएआय नावाची संस्था नोंदवते, १९०५ मध्ये स्थापन झालेली, मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये लोझानला. तिचे नियम वाचले की डोकं शांत होतं, खरंच. सरळ कोर्सवरचा वेगाचा रेकॉर्ड असेल तर दोन्ही दिशांनी उडायचं आणि सरासरी काढायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा निघून जातो. एसआर-७१ चा २८ जुलै १९७६ चा ताशी ३,५२९.५६ किलोमीटर हा असाच मोजलेला आकडा. लगेच कुणीतरी म्हणतं मग एक्स-१५ या अमेरिकन प्रायोगिक विमानाचं काय, ते १९६७ मध्ये ७,२७४ ला पोचलं होतं! पोचलं होतंच, पण ते रॉकेट इंजिनचं आणि बी-५२ या मोठ्या बॉम्बर विमानाच्या पंखाखालून हवेत सोडलेलं, स्वतःच्या बळावर जमिनीवरून उठलंच नव्हतं. गट वेगळा, म्हणून यादी वेगळी.

अंतराळात गेलेला पहिला माणूस, सोव्हिएत गागारीन, त्याचं प्रकरण तर नियम आणि घटना यांच्यातली ओढाताण आहे. १२ एप्रिल १९६१ ला तो सुमारे सात किलोमीटर उंचीवर यानातून बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटने उतरला, ठरल्याप्रमाणेच, पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे वैमानिकाने यानासकट उतरायला हवं होतं, म्हणून सोव्हिएत बाजूने हे बरीच वर्षं लपवून ठेवलं. रेकॉर्ड राहिला, आणि राहायलाच हवा होता असं माझं मत, माणूस पृथ्वीला फेरी मारून जिवंत परत आला यापुढे पॅराशूट कुठलं हे फार छोटं आहे.

पहिलं विमान कुणी उडवलं, अमेरिकेचे राइट बंधू की ब्राझीलचा सांतोस-द्युमॉं, या वादात पडणार असाल तर एक चूक टाळा. लोक बिनधास्त म्हणतात की राइट बंधूंनी विमान कॅटपल्टने, म्हणजे जोराने पुढे ढकलणाऱ्या यंत्राने, फेकलं होतं. १७ डिसेंबर १९०३ ला कॅटपल्ट नव्हताच, एक लाकडी रूळ होता आणि समोरून जोरदार वारा, वजन खाली पाडून विमान ओढणारा सांगाडा त्यांनी १९०४ मध्ये उभारला. सांतोस-द्युमॉं १९०६ मध्ये पॅरिसला स्वतःच्या चाकांवरून उठला, सगळ्यांच्या देखत, अधिकृत मोजणीत. पण राइट त्याच्या आधी, ऑक्टोबर १९०५ मध्ये, सलग ३९ किलोमीटर उडून झाले होते. मला विचाराल तर पहिले राइटच, पण दुसऱ्या बाजूचा माणूस "पहिलं" म्हणजे नेमकं काय म्हणतोय ते आधी ऐकून घ्या.

चौथी गोष्ट, त्या दिवशीचा कागद शोधा. लिंडबर्ग पॅरिसला उतरला तेव्हा गर्दीने विमानाचं कापड फाडून नेलं आणि त्याची उड्डाणाची नोंदवहीसुद्धा लंपास झाली, पण विमानात सील केलेला बॅरोग्राफ होता, म्हणजे हवेचा दाब मोजत फिरत्या कागदावर उंचीची रेघ ओढत जाणारं यंत्र. मध्ये कुठे उतरला असता तर ती रेघ जमिनीला टेकली असती. आणि कागद उलटाही बोलतो. अमेरिकन नौदलाच्या बर्डने ९ मे १९२६ ला विमानाने उत्तर ध्रुव गाठल्याचं जाहीर केलं, १९९६ मध्ये त्याची डायरी समोर आली आणि तिच्यात सेक्स्टंटची (सूर्याची उंची मोजून जागा ठरवायचं उपकरण) खोडलेली पण वाचता येणारी मोजमापं होती, जी त्याच्या टाइप केलेल्या अहवालाशी जुळत नव्हती. वाद अजून आहे, पण तीनच दिवसांनी, १२ मे ला, आमुंडसेन आणि नोबिले नॉर्गे हवाईजहाजातून ध्रुवावरून गेले त्याबद्दल कुणी शंका घेत नाही.

आता मोठ्या माणसांच्या भेटींकडे. इथे पोलिसासारखं विचारू नका, माणूस गप्प होतो. मी तर आधी त्या भेटीबद्दल विचारतच नाही, विचारते विमान कुठलं होतं, हवा कशी होती, शेजारच्या सीटवर कोण होतं, रात्र की दिवस. हे सगळं आपोआप यायला लागलं की भेटीची गोष्ट घट्ट होत जाते. एका कॅप्टन काकांनी सांगितलं होतं की एक खूप मोठी गायिका लँडिंगच्या वेळी कॉकपिटमध्ये जंप सीटवर, म्हणजे पायलटांमागच्या जादा सीटवर, बसली होती, वर्ष सांगितलं, विमान सांगितलं. मी म्हटलं, "काका, लॉगबुक आहे का हो तुमचं?" त्यांनी कपाटातून तीन जाड वह्या काढल्या, तारीख, विमानाचा प्रकार, रजिस्ट्रेशन, कुठून कुठे, किती तास, शेवटी शेरा. ते म्हणत होते त्या वर्षी ते त्या विमानावर नव्हतेच, ट्रेनिंगच तीन वर्षांनी झालेलं! काकांचा चेहरा उतरला. पण आम्ही पानं उलटत राहिलो आणि पुढच्या वहीत एका रात्रीच्या फ्लाइटसमोर शेऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव सापडलं. विमान बरोबर, भेट खरी, वर्ष तेवढं चुकलेलं. म्हणून एक तपशील चुकला की सगळंच खोटं ठरवू नका.

काळाचं भान मात्र ठेवा. ११ सप्टेंबर २००१ नंतर उडत्या विमानात कॉकपिटचं दार बंद आणि मजबूत झालं, त्यामुळे त्यानंतरच्या प्रवासी फ्लाइटवर कुणी स्टार सहज पुढे येऊन बसला असं कुणी सांगितलं तर परत विचारा, कदाचित चार्टर असेल, कदाचित विमान जमिनीवर उभं असेल.

गाजलेले किस्से तर फुगतातच. २० एप्रिल १९३३ ला इअरहार्टने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्टना वॉशिंग्टनवरून रात्रीच्या सफरीला नेलं, दोघी जेवणाच्या भारी पोशाखात, हे खरं. पण ते एअरलाइनचं विमान होतं आणि एअरलाइनचे पायलटही होते, "दोघीच गुपचूप निघाल्या" ही नंतरची भर. उलट काही गोष्टी थापा वाटतात आणि खऱ्या निघतात. नेदरलँड्सचे राजे विलेम-अलेक्झांडर २१ वर्षं केएलएम या डच एअरलाइनच्या छोट्या विमानांवर को-पायलट म्हणून उडत होते, २०१७ मध्ये हे नीट जाहीर झालं, घोषणा करताना ते आपलं नाव सांगत नसत त्यामुळे बहुतेक प्रवाशांना पत्ताच नसायचा.

लिहून ठेवताना माणसाने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि खाली वेगळ्या ओळीत कागदावर काय सापडलं ते. एकात दुसरं मिसळू नका. काकांच्या किश्शाखाली माझ्या वहीत चुकलेलं वर्षही तसंच आहे, त्याखाली लॉगबुकातली तारीख आणि त्या पानाचा फोटो चिकटवलाय.