इंग्रेसमधील हॅश टेबल: ओव्हरफ्लोचे आकडे आणि पुनर्रचना

इंग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जुन्या प्रणालीचे काम ज्यांच्याकडे नव्याने येते, त्यांनी हॅश टेबलाविषयी (ज्यात किल्लीच्या, म्हणजे ओळ शोधण्यासाठी निवडलेल्या स्तंभाच्या, मूल्यावरून ओळ कोणत्या पेजात जाईल ते ठरते) एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी: मुख्य पेजेस (ओळी साठवणारे डिस्कवरील ठरावीक आकाराचे भाग) किती असावीत हे टेबलाची पुनर्रचना करणारी मॉडिफाय आज्ञा चालवताना ठरते आणि नंतर टेबल कितीही वाढले तरी ती संख्या तीच राहते. एखाद्या पेजात जागा उरली नाही की नवी ओळ त्याला जोडलेल्या ओव्हरफ्लो पेजात जाते आणि शोध घेताना ती साखळी वाचत जावी लागते. ओळी डिलीट केल्या तरी ही पेजेस आपोआप कमी होत नाहीत.

फिलफॅक्टर, म्हणजे मॉडिफायच्या वेळी पेज किती भरायचे ते प्रमाण, वेगळा दिला नाही तर तो सहसा ५० टक्के असतो. तरीही टेबल दुप्पट होईपर्यंत निश्चिंत राहता येत नाही, कारण ओळी सर्व पेजांत सारख्या विभागल्या जात नाहीत.

देखरेखीसाठी मी आयआयटेबल्स या कॅटलॉगमधून (टेबलांविषयीची माहिती ठेवणाऱ्या इंग्रेसच्या अंतर्गत नोंदीतून) एकूण पेजेस आणि ओव्हरफ्लो पेजेस यांचे आकडे नियमितपणे नोंदवून ठेवत असे. ओव्हरफ्लो १०-१५ टक्क्यांवर गेला की पुनर्रचना करावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु हे प्रमाण संपूर्ण टेबलाचे असल्यामुळे अनेक छोट्या साखळ्या आणि एकच लांबलचक साखळी त्यात सारख्याच दिसतात. म्हणून एसक्यूएल क्वेरीत ग्रुप बाय लावून किल्लीचे कोणते मूल्य किती वेळा येते, ते पाहावेच. किल्ली ग्राहक क्रमांकासारखी असेल, तर ओव्हरफ्लो बहुधा वाढीमुळे आलेला असतो आणि मॉडिफायने तो बराचसा निघून जातो. जिल्ह्याच्या कोडावर हॅश केले असेल, तर एका कोडाच्या हजारो ओळी एकाच साखळीत जातात आणि मॉडिफाय कितीही वेळा चालवले तरी ती साखळी पुन्हा तशीच तयार होते. तेथे किल्ली किंवा रचनाच बदलावी लागते. (हे न तपासता दर रविवारी मॉडिफाय चालवण्याची प्रथा मी पाहिली आहे.)

पुनर्रचना शक्यतो रात्री करावी, कारण साध्या मॉडिफायमध्ये टेबलावर एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो, म्हणजे तोवर इतरांना ते वापरता येत नाही. मॉडिफाय टेबलाची नवी प्रत बनवते आणि ती पूर्ण होईपर्यंत जुनीही डिस्कवर राहते, तेव्हा मोकळी जागा आधी तपासावी. पर्सिस्टन्स (इंडेक्स टिकवून ठेवण्याचा पर्याय) न देता केलेले दुय्यम इंडेक्स (इतर स्तंभांवरून शोधण्यासाठीच्या सूची) या आज्ञेबरोबर नाहीसे होतात, त्यामुळे ते पुन्हा तयार करण्याची स्क्रिप्ट हाताशी हवी. पुढील वाढीचा अंदाज असेल, तर मिनपेजेस (मुख्य पेजेसची किमान संख्या) देऊन पेजेस आधीच राखून ठेवता येतात.