आखातातून घरी पैसे पाठवताना: खाते कोणाचे, कसे असावे

रत्नागिरी-रायगडच्या गावांतून नोकरीसाठी आखातात जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच बँकेत जाऊन आपले जुने बचत खाते एनआरओ (परदेशी राहणाऱ्याचे भारतातल्या उत्पन्नासाठीचे खाते) प्रकारात बदलून घ्यावे आणि परदेशी कमाईसाठी स्वतंत्र एनआरई (परदेशी कमाई रुपयांत ठेवण्याचे) खाते उघडावे. अनिवासी असेपर्यंत एनआरई खात्यावरील व्याजाला भारतात आयकर लागत नाही.

घरखर्चाची रक्कम मात्र पत्नीच्या किंवा आईच्या स्वतःच्या खात्यात थेट जावी, असे माझे मत आहे. दिराच्या खात्यावर पैसे आले की गॅस सिलिंडरसाठीही त्याच्या सवडीची वाट पाहावी लागते, आणि त्या बाईच्या नावावर बँकेत कोणताच व्यवहार दिसत नसल्याने पुढे कर्ज मागताना तिची पाटी कोरीच राहते. तिचे खाते नसेल, तर किमान शिल्लक न लागणारे, सरकारी योजनेतले जनधन खाते उघडता येते. त्या खात्यातून वर्षाला ४३६ रुपयांत जीवनज्योती हा आयुर्विमा आणि २० रुपयांत सुरक्षा हा अपघात विमा घेता येतो. पहिला १८ ते ५०, तर दुसरा १८ ते ७० वर्षे वयोगटासाठी आहे.

पैसे पाठवताना ‘शुल्क नाही’ या पाटीवर विसंबू नये, कारण कसर बहुधा विनिमय दरात काढलेली असते. म्हणून खिडकीवर एवढेच विचारावे, की हजार दिरहम दिले तर घरी नेमके किती रुपये जमा होतील.

गावातल्या बँक मित्राकडे (बँकेने नेमलेल्या प्रतिनिधीकडे) अंगठा लावून पैसे काढल्यावर छापील पावती घ्यावी आणि तिच्यावरची शिल्लक तिथेच वाचून पाहावी. हुंडीच्या, म्हणजे बँकेबाहेरून दलालामार्फत पैसे पाठवण्याच्या, वाटेला जाऊच नये. ती बेकायदा आहे.